दुभाजकातली पायवाट: सोलापुरातल्या एका क्रॉसिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्वेला, अक्कलकोट रोडच्या आसपास जो कामगार वस्तीचा पट्टा आहे ना, त्यातल्या एका रस्त्याची ही गोष्ट. नेमकी जागा, ऑफिसचं नाव, माणसांची नावं मुद्दाम देत नाही, कारण त्या जागेवर एका घरातलं माणूस गेलंय आणि ते घर अजून तिथंच राहतंय. मी सिव्हिल इंजिनिअर, ट्रॅफिकची आणि रस्ता सुरक्षेची कामं करतो, या कामात सल्लागार म्हणून होतो.

रस्ता चार पदरी. दोन्ही अंगाला साडेसात-साडेसात मीटर डांबर, मधे १.२ मीटरचा दुभाजक आणि त्यात ओळीनं लावलेली कण्हेर. उत्तरेकडनं वसाहतीचा रस्ता येऊन मिळतो, तिथं दुभाजकाला पंक्चर, म्हणजे गाड्यांना वळायला मोकळी जागा, ठेवलेलं. त्या पंक्चरपासून साधारण ४० मीटर पुढं, रस्त्याच्या दक्षिण बाजूला एका विडी कारखान्याचं गेट. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, सोलापुरात विड्या वळायचं काम बहुतेक बायका घरीच करतात, सकाळी कारखान्यात जाऊन विड्या मोजून द्यायच्या, दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घ्यायचं आणि उन्हं वर यायच्या आत घरी परतायचं. म्हणजे रोज सकाळी ठराविक वेळेला या रस्त्यावरून शेकडो बायका आडव्या जातात. डोक्यावर नाहीतर कमरेवर ओझं, पायात साध्या चपला, कित्येक जणी पन्नाशीच्या पुढच्या.

वर्षानुवर्षं हे चाललेलं होतं आणि निभावत होतं, कारण रस्ताच एवढा खराब होता की तिथं कुणी जोरात जाऊच शकत नव्हतं. मग रस्त्याचं नूतनीकरण झालं.

नेमकं काय बिघडलं

नवीन डांबर पडलं, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला असता. पण डांबराच्या थरावर थर चढत गेले की दुभाजकाचा काठ बुटका होत जातो, इथं तो ओलांडायला पायरीएवढाही राहिला नव्हता. वाहनांचा वेग वाढला आणि त्याच वेळी दुभाजकावर चढणं सोपं झालं. त्यात त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि कण्हेर डोक्याएवढी वाढली.

बायका पंक्चरपाशी ओलांडत नव्हत्याच. गेटच्या बरोबर समोर काठाचे दोन दगड निखळलेले होते, तिथनं कण्हेर बाजूला सारून एक पायवाट पडली होती, माती दाबून अगदी गुळगुळीत झालेली. एका सकाळी त्या पायवाटेतनं एक बाई पलीकडच्या पदरात उतरली आणि दुभाजकाला चिकटून येणाऱ्या टेम्पोनं तिला उडवलं. ती जागीच गेली.

त्याच दिवशी रास्ता रोको झाला. मागणी एकच, स्पीड ब्रेकर. आणि दोन-तीन दिवसांत रातोरात एक ब्रेकर पडला सुद्धा. कुणी टाकला ते विचारण्यात अर्थ नाही, अशा वेळी कुणीच अडवत नाही. काँक्रीटचा, दीड फूट रुंद, सहा इंच उंच, उभ्या चढाचा, ना पट्टे ना बोर्ड. पुढच्याच आठवड्यात रात्री एक मोटरसायकल त्यावरून उडाली, मागे बायको आणि लहान मूल होतं. मूल वाचलं, बाईचा हात मोडला. मग तो ब्रेकर फोडला आणि गोष्ट परत पहिल्या पानावर आली. आम्हाला बोलावलं ते या टप्प्यावर.

एक गोष्ट इथंच सांगायला पाहिजे. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे ब्लॅक स्पॉट म्हणजे साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. ही जागा त्यात बसत नव्हती. त्यामुळं यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून वेगळा निधी नाही. रोज सकाळी ब्रेक करकचून लागतात, बायका मागे पळतात, एखादीची पाटी सांडते, हे कुठल्याच रजिस्टरला येत नाही.

आम्ही काय मोजलं

पहिल्या दिवशी आम्ही दुपारी चारला गेलो. मोठी चूक. रस्ता शांत, एखाद-दुसरा माणूस ओलांडतोय, आमच्या पोरांनी लिहून घेतलं की पादचारी तुरळक. चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं म्हणून बरं, 'साहेब, सकाळी नऊला या, मग बघा.' नऊला गेलो आणि वहीतलं आदल्या दिवसाचं पान फाडून टाकलं.

वेग मोजायला काही महागडं यंत्र लागत नाही. रस्त्यावर ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या, मोबाईलचं स्टॉपवॉच घेतलं आणि कडेला झाडाच्या आडोशाला बसलो, कारण माणूस दिसला की ड्रायव्हर हळू करतो. ५० मीटर ३ सेकंदात गेलं म्हणजे ताशी ६०. दुभाजकाच्या बाजूच्या पदरातल्या बहुतेक गाड्या ३ सेकंदाच्या आसपास जात होत्या, काही त्याच्याही आत. आपण सरासरी काढून खूश होतो पण रस्त्याचा विचार सरासरीवर करायचा नसतो. १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग धरतात, कारण मारणारी गाडी सरासरीची नसते.

मग मी स्वतः त्या पायवाटेत, कण्हेरीच्या मधे जाऊन उभा राहिलो. आपल्याकडं गाडी डावीकडनं चालते, म्हणजे रस्ता ओलांडताना पहिल्या अर्ध्यात गाड्या उजवीकडनं येतात आणि दुसऱ्या अर्ध्यात डावीकडनं. दुभाजकात उभं राहून डावीकडं बघितलं तर कण्हेरीशिवाय काही दिसेना. सगळ्यात जोरात येणारी गाडी दुभाजकाला घासून येते आणि तीच नेमकी झाडीमागं लपलेली. सहकाऱ्याला रस्त्यावर लांब नेऊन बसवला, डोळ्याची उंची १.२ मीटर धरून, कारण आयआरसी, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस, कारच्या ड्रायव्हरची नजर तेवढ्या उंचीवर धरते, आणि तो मला कुठून दिसतो ते टेपनं मोजलं. ३० मीटर.

आता हे ३० मीटर बघा. आयआरसीच्या तक्त्यात ताशी ३० च्या वेगाला थांबायला ३० मीटर लागतात, ५० ला ६० मीटर, आणि ६० ला ८०. त्यातलं अर्धं अंतर तर ड्रायव्हरला दिसून, समजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतं, अडीच सेकंद धरतात त्याला. म्हणजे ती जागा ताशी ३० च्या लायकीची होती आणि गाड्या ६० नं येत होत्या. टेम्पोवाल्यानं ब्रेक लावला नाही असं सगळे म्हणत होते, पण त्याला ब्रेक लावायला रस्ताच मिळाला नव्हता. हे मी त्या मीटिंगमधे बोललो तेव्हा वातावरण तापलं, पण बोलणं भाग होतं.

दुसरं गणित बायकांच्या बाजूचं. ओझं घेऊन सेकंदाला एक मीटर धरा. साडेसात मीटरला साडेसात सेकंद. तेवढ्यात ६० च्या वेगाची गाडी १२५ मीटर येते. तिला सव्वाशे मीटर मोकळा रस्ता दिसायला पाहिजे होता, दिसत होता ३०.

एका मावशीला मी विचारलं की चाळीस मीटरवर पंक्चर आहे, तिथनं का जात नाही. त्या म्हणाल्या, 'अण्णा, गेट इथं हाय. मग आम्ही तिकडं कशाला जाऊ? आणि तिथं तर गाड्या वळतात बी, कुठली कुणीकडं येईल कळतंय का?' खरंच होतं. टी जंक्शनला गाड्यांच्या वाटा एकमेकींना ९ ठिकाणी भेटतात. नुसत्या गाड्यांच्या, पायी माणूस त्यात धरलेलाच नाही. त्या अडाणीपणानं नाही, हिशोब करून पायवाटेनं जात होत्या.

कोणते पर्याय होते

लोकांना ब्रेकर हवा होता. आयआरसी:९९ या मानकातला गोल ब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा, ताशी २५ च्या वेगासाठी. रातोरात पडलेला आणि हा यात जमीन-अस्मानाचा फरक. पण नुसता चांगला ब्रेकर टाकून ती कण्हेर, तो अरुंद दुभाजक, रात्रीचा अंधार यातलं काहीच सुटत नव्हतं.

एका मोठ्या माणसाचा आग्रह पादचारी पुलाचा होता, फोटोला चांगला दिसतो. मी कागदावर पायऱ्या मोजून दाखवल्या. ट्रक खालून जायचे म्हणजे पुलाची फरशी सहा मीटरवर येते, १५ सेंटीमीटरची पायरी धरली तर ४० पायऱ्या चढा, ४० उतरा. सोळा मीटरचा रस्ता ओलांडायला ८० पायऱ्या, डोक्यावर ओझं, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन. विषय तिथं संपला.

सिग्नलचा विचार झाला पण तो बसणार पंक्चरपाशी, गेटपाशी नाही, आणि दिवसातले दोन तास सोडले तर रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा बघून लोक तो तोडायला शिकतात.

राहिले दोन. एक, पंक्चर बंद करायचं आणि दुभाजकावर सलग लोखंडी जाळी मारायची. दोन, जिथं बायका ओलांडतात तिथंच नीट क्रॉसिंग करायचं. दुसऱ्याला खर्च जास्त, वेळ जास्त, आणि 'मेन रोडवर मधेच क्रॉसिंग दिलं तर उद्या प्रत्येक गेटवाला मागेल' ही भीती. पहिलं पंधरा दिवसांत होणारं होतं. लोक चिडलेले, वरून फोन, म्हणून पहिलं ठरलं. त्या शिफारशीवर माझीही सही आहे. गणित माझ्या वहीत होतं, मावशीचं उत्तर माझ्या कानात होतं, आणि तरी मी सही केली, कारण तेव्हा 'काहीतरी लगेच' याचं वजन फार होतं.

जाळी लावल्यावर काय झालं

वसाहतीतनं शहराकडं जायला उजवीकडं वळायचं असे ते पंक्चर बंद झालं. पुढचं वळण ७०० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १४०० मीटर. पेट्रोलचा भाव बघता रिक्षावाला ते करणार आहे का? दुसऱ्या दिवसापासून रिक्षा, मोटरसायकली, शाळेच्या व्हॅन सगळं रस्त्याच्या कडेनं राँग साईडनं सुरू. आधी धोका एका जागेवर होता, तो आम्ही पाव किलोमीटरभर पसरवला.

आणि बायका? आठवड्याच्या आत जाळीचे दोन गज वाकलेले. त्यातनं त्या अंग चोरून, आडव्या होऊन निघायला लागल्या, आधी ओझं पलीकडं ठेवायचं मग स्वतः. म्हणजे दुभाजकात थांबायचा वेळ उलट वाढला, आणि पलीकडं ठेवलेलं ओझं डांबरावर असल्यामुळं घाईघाईत उतरायचं. हे दृश्य मी एका सकाळी अर्धा तास बघितलं. एका बाईचं लुगडं गजाला अडकलं आणि ती तशीच ओढत पुढं झाली, मागून बस येत होती, ड्रायव्हरनं सांभाळलं म्हणून. त्या दिवशी दुपारी मी पत्र लिहिलं की आमची शिफारस चुकली आहे, ती मागे घेतो.

असं पत्र दिलं की लोक म्हणतात हा माणूस कच्चा. ऑफिसमधले एक वरिष्ठ इंजिनिअर मात्र म्हणाले, चला, सकाळी नऊला मला पण दाखवा. ते आले, टेप स्वतः धरली, कण्हेरीत उभे राहिले. पुढचं सगळं त्या एका सकाळमुळं मंजूर झालं असं मी मानतो.

दुसऱ्यांदा काय केलं

सगळ्यात आधी कण्हेर छाटली. क्रॉसिंगच्या आधी दोन्ही दिशांना ८०-८० मीटर, गुडघ्याच्या वर नाही. याला जवळपास काही खर्च आला नाही आणि माझ्या मते निम्मा धोका यानंच कमी झाला. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, या गोष्टीचा मला आजही त्रास होतो.

मग पायवाटेच्याच जागी क्रॉसिंग. १.२ मीटरच्या दुभाजकात ओझं घेतलेली बाई मावत नाही, तिची पाटी तरी रस्त्यावर येते नाहीतर कोपर. म्हणून दोन्ही बाजूंचे अर्धा-अर्धा मीटर घेऊन तेवढ्यापुरता दुभाजक २.२ मीटर केला, उरलेल्या सात मीटरमधे साडेतीनचे दोन पदर आरामात बसतात. मधला रस्ता सरळ न ठेवता आत लोखंडी पाईपनं इंग्रजी झेडसारखं वळण दिलं, अशा बाजूला की पलीकडं उतरण्याआधी माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या गाड्यांकडं होतं. त्या वळणामुळं मोटरसायकल आत घुसत नाही हा फायदा वेगळाच.

क्रॉसिंग रस्त्यापेक्षा १० सेंटीमीटर उचललं, वर सपाट, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचा चढ. चढ एवढा लांब का, यावर बराच वाद झाला. ठेकेदार म्हणत होता एका मीटरमधे करू. पण हंगामात या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, उभ्या चढावर जोडणीला हिसका बसतो, ऊस सांडतो, आणि मागच्या मोटरसायकलवाल्याला ते रात्री दिसत नाही. २ मीटरला १० सेंटीमीटर म्हणजे एकास वीस, ट्रॉली अंग न आपटता चढते आणि कारवाला तरी वेग कमी करतोच. आधी ४० मीटरवर बोर्ड, त्याआधी जाड थर्मोप्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या.

दिवे ही बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. आधीचा खांब पायवाटेच्या पलीकडं होता, त्यामुळं ड्रायव्हरला माणूस नुसता काळी आकृती दिसायचा. नवे दिवे गाडी येते त्या बाजूला, क्रॉसिंगच्या थोडे आधी लावले, उजेड माणसाच्या अंगावर समोरनं पडतो, साडीचा रंग दिसतो. कडेला क्रॉसिंगच्या आधी १५ मीटरपर्यंत खांब रोवले, नाहीतर तिथं ट्रक लागायचे आणि पहिल्या अर्ध्यातली नजर अडायची.

पंक्चर बंदच ठेवलं पण यू टर्न २५० मीटरवर आणला, जिथं कडेला मोकळी सरकारी जागा होती आणि वळायला फेर मिळत होता. तो मला पूर्ण पटलेला नाही. दुभाजक अरुंद असल्यामुळं वळायला थांबलेल्या गाडीची शेपटी वेगाच्या पदरात राहते. टेम्पोच्या मागे कुणी आदळेल ही धास्ती आहे, तिथं पदर फुगवून थांबायला जागा करायचा प्रस्ताव दिलेला आहे.

यावेळी काँक्रीट ओतायच्या आधी दहा दिवस वाळूच्या गोण्या आणि रंगवलेली पिंपं मांडून तोच आकार रस्त्यावर करून बघितला. झेडचं वळण आधी उलट बाजूला आखलेलं होतं, ते या दहा दिवसांतच कळलं. सिद्धेश्वरांच्या यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत काम उरकायचं होतं, उरकलं.

नंतर काय झालं

त्याच ५० मीटरच्या रेघा, तेच स्टॉपवॉच. दुभाजकाच्या पदरातल्या गाड्या आता ५ ते ६ सेकंद घेतात, म्हणजे ताशी ३० ते ३६. राँग साईड संपली नाही पण रिक्षावाले बरेचसे यू टर्नला जातात. वर्षभरात क्रॉसिंगवर गंभीर अपघात झालेला नाही. पण यावरून काम फत्ते झालं असं मी म्हणणार नाही, एका जागेवर मुळात अपघात मोजकेच होतात, एखादं वर्ष नशिबानंही कोरडं जातं. वेग आणि नजरेचं अंतर बदललं, हे मात्र मोजलेलं आहे.

चुका झाल्याच. उचललेल्या क्रॉसिंगनं कडेच्या पाण्याची वाट अडवली आणि पहिल्या मोठ्या पावसात बायका घोट्याएवढ्या पाण्यातनं गेल्या, नंतर कडेला लोखंडी जाळीची नाली काढली. आडव्या पट्ट्यांचा रात्रभर खडखडाट होतो म्हणून जवळच्या घरातले एक आजोबा दोनदा ऑफिसला येऊन गेले, त्यांचं बरोबर होतं, पट्ट्या घरापासून पुढं सरकवल्या.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली मीटिंग ऑफिसात न घेता कारखान्याच्या गेटवर, सकाळी नऊला घेईन. जाळीचा पर्याय आला त्या क्षणी पुढचं वळण किती लांब आहे हा आकडा सगळ्यांसमोर टेबलावर ठेवीन, कारण तो आकडा माझ्याकडं होता आणि मी तो जोर देऊन मांडला नाही. गोण्या-पिंपांची चाचणी पहिल्यांदाच घेतली असती तर ती जाळी लागलीच नसती. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९८अ आलं, रस्त्याच्या डिझाईनचे नियम न पाळल्यामुळं जीव गेला तर ठेकेदार, सल्लागार, रस्त्याची जबाबदारी असलेलं खातं यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सल्लागार म्हणजे मीसुद्धा. हे कलम मी आता प्रत्येक मीटिंगला वाचून दाखवतो.

आणि कण्हेर. ती छाटायची कुणी हे आम्ही कागदावर आणलंच नाही. रस्ता एका खात्याचा, झाडं दुसऱ्याची, दिवे तिसऱ्याचे. गेल्या ऑगस्टमधे टेप घेऊन गेलो तर झाडं परत छातीला लागत होती आणि नजरेचं अंतर ८० वरून ४५ वर आलेलं. त्या मावशी भेटल्या, ओळखलं त्यांनी, म्हणाल्या, 'अण्णा, दिवा चांगला केलाव, पण झाड वाढलंय बघा परत.' दोन फोन करून छाटून घेतली, दर दीड महिन्याला छाटायचा लेखी आदेश निघावा म्हणून पत्र दिलंय, त्याचं उत्तर अजून यायचंय.